नखाची बुरशी आणि यीस्टपासून मिळणारे पदार्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्वचेची डॉक्टर नाही. पण नातेवाईक आणि जुने विद्यार्थी अंगठ्याचे फोटो मलाच पाठवतात आणि सोबत एखादी जाहिरात जोडतात: 'यीस्टमधील नैसर्गिक घटकांनी नखाची बुरशी मुळापासून नष्ट'. दरवेळी तेच टाइप करून कंटाळले, म्हणून सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यात कुणाच्या नखाचं निदान नाही. यीस्टबद्दल काय खरं, काय अर्धं खरं आणि काय निव्वळ बाटलीवरचं लेबल, एवढंच आहे.

यीस्ट हीसुद्धा बुरशीच ना? मग बुरशीवर बुरशीचं औषध कसं?

हो, यीस्ट बुरशीच्याच कुळातलं, फक्त एकपेशीय. पण एका कुळातल्यांचं आपसांत पटतंच असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एकाच फळावर, एकाच झाडाच्या चिकावर दहा प्रकारचे सूक्ष्मजीव साखरेसाठी भांडत असतात. त्या भांडणासाठी काही यीस्टनी रासायनिक हत्यारं तयार केली आहेत. काट्याने काटा काढायचा, तसं ते हत्यार उचलून आपल्या रोगकारक बुरशीवर चालवता येईल का, एवढाच सगळ्या संशोधनामागचा प्रश्न आहे. कल्पना चांगली आहे आणि निसर्गात ती चालतेही. अडचण नखाची आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

नखाला बुरशी होते म्हणजे नक्की काय होतं?

बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची बुरशी नखाच्या टोकाकडून किंवा कडेने आत शिरते आणि नखाखालच्या गादीवर पसरते. नख ज्या केराटिनचं बनलेलं असतं ते केराटिनच हिचं अन्न. नख पिवळट-पांढरं होतं, जाड होतं, खाली भुसा साठतो, टोक गादीपासून सुटतं. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आणि अंगावरचा नायटा याच गटातल्या बुरशींचे असतात, त्यामुळे चिखल्यांकडे दुर्लक्ष करणाऱ्याच्या नखात ती पुढे सरकते.

हाताच्या नखांचं थोडं वेगळं आहे. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांना, म्हणजे भांडी घासणाऱ्या बायका, मासळी साफ करणारे, हॉटेलात काम करणारे यांना आधी नखाच्या मुळाशी सूज येते, वारंवार नखुर्डं होतं, आणि मग नख खडबडीत होतं. तिथे बऱ्याचदा कॅन्डिडा सापडते. कॅन्डिडा हे यीस्टच आहे. म्हणजे एका यीस्टचा इलाज दुसऱ्या यीस्टमध्ये शोधायचा, असा हा मामला.

'यीस्टपासून मिळणारे पदार्थ' म्हणजे नेमके कोणते?

या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, यीस्ट शत्रूला मारायला सोडतं ती प्रथिनं, यांना किलर टॉक्सिन म्हणतात. दोन, यीस्ट बनवतं ते साबणासारखे पदार्थ. त्यातलं महत्त्वाचं नाव सोफोरोलिपिड. तीन, यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकान, जे प्रतिकारशक्तीच्या नावाने गोळ्यांत विकलं जातं. चार, अख्खं यीस्ट किंवा त्याचा अर्क: प्रोबायोटिक पुड्या, ब्रुअर्स यीस्टच्या गोळ्या, सौंदर्यप्रसाधनांतले 'फर्मेंट'. पहिल्या दोन गोष्टी बुरशीला थेट मारू शकतात. तिसरी आणि चौथी तसं काही करत नाहीत. जाहिरातीत मात्र पहिल्या दोघांची कीर्ती आणि शेवटच्या दोघांचा माल असतो.

किलर यीस्ट ही काय भानगड आहे?

माझा आवडता विषय, त्यामुळे उत्तर लांबणार.

१९६३ साली बेव्हन आणि माकोवर यांनी नोंदवलं की नेहमीच्या बेकरी-दारूच्या यीस्टचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचे, काही वाण शेजारी वाढणाऱ्या दुसऱ्या वाणांना मारतात आणि स्वतः सुखरूप राहतात. प्रयोगशाळेत हे बघायला फार देखणं असतं. मिथिलीन ब्लू हा रंग घातलेल्या आम्लधर्मी माध्यमावर दुर्बळ यीस्टचा पातळ थर द्यायचा, मधे किलर वाणाचा ठिपका ठेवायचा आणि प्लेट थंडाव्याला ठेवायची. दोनतीन दिवसांत ठिपक्याभोवती मोकळं कडं पडतं आणि त्याच्या काठावर मेलेल्या पेशींची निळी किनार दिसते. विद्यार्थी पहिल्यांदा बघतात तेव्हा मोबाइल बाहेर येतातच.

पुढे कळलं की हे विष बनवण्याचा मजकूर यीस्टच्या स्वतःच्या गुणसूत्रांवर नसतोच. तो यीस्टच्या आत राहणाऱ्या एका विषाणूच्या आरएनएवर असतो. भाडेकरूने घरमालकाला बंदूक आणून द्यावी, तशातली गत. के-१ नावाचं विष शत्रूच्या भित्तिकेतल्या बीटा-१,६-ग्लुकानला चिकटतं, मग पटलाला भोकं पाडतं आणि पेशीतले आयन गळून जातात. के-२८ वेगळ्या वाटेने आत शिरतं आणि पेशीचं डीएनए बनवणंच थांबवतं. विलिओप्सिस मराकी या यीस्टचं एचएम-१ हे विष भित्तिका विणणाऱ्या एन्झाइमवर घाला घालतं. माणसाच्या पेशीला अशी भित्तिकाच नसते, त्यामुळे हे लक्ष्य औषधाच्या दृष्टीने उत्तम. आज रुग्णालयात रक्तातल्या कॅन्डिडावर शिरेतून देतात ती एकायनोकॅन्डिन गटातली औषधं भित्तिकेच्या याच विणकामावर घाव घालतात. ती मात्र यीस्टपासून आलेली नाहीत, धाग्यांच्या बुरशींपासून आली आहेत.

इटलीतल्या पार्मा विद्यापीठातल्या गटाने याच्या पुढची पायरी गाठली. पिशिया अनोमाला (आताचं नाव विकरहॅमोमायसिस अनोमालस) या यीस्टच्या विषाची नक्कल करणारी प्रतिपिंडं त्यांनी तयार केली आणि त्यांतून अवघ्या दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा काढला. त्याला किलर पेप्टाइड म्हणतात. कॅन्डिडावर, उंदरांवरच्या प्रयोगांतही, त्याचा परिणाम दिसला आहे.

एवढं सगळं आहे तर त्याचं मलम बाजारात का नाही?

कारण बुरशी मारणं हे काम फारसं अवघड नाही. बशीत ती कशानेही मरते, व्हिनेगरने मरते, लिंबाने मरते. अवघड आहे ते नखातून पलीकडे पोचणं.

पायाच्या अंगठ्याचं नख म्हणजे घट्ट दाबलेल्या केराटिनची भिंत, बुरशी लागली की आणखी जाड. तिच्यातून लहान रेणू कसेबसे झिरपतात. आकार रेणुभारात मोजून बघा. टॅव्हाबोरोल हे नखासाठीच बनवलेलं औषध सुमारे १५२ डाल्टनचं (डाल्टन हे रेणुभाराचं एकक), टर्बिनाफाइन २९१, अमोरोल्फाइन ३१७, एफिनाकोनाझोल ३४८. आणि के-१ विषाच्या दोन साखळ्या मिळून जवळजवळ १९,०००. सुईच्या भोकातून दोरा घालायचा तिथे दोरखंड घालण्याचा प्रकार. नखावर लावलेलं असं प्रथिन नखावरच राहणार, आणि पुढच्या आंघोळीला वाहून जाणार.

दुसरी गोष्ट स्वभावाची. के-१ सारख्या विषांना आंबटपणा लागतो, पीएच ४.६ ते ४.८ च्या आसपास, आणि थंडावा लागतो. २५ अंशांच्या वर ती लवकर निकामी होतात. म्हणून तर वर म्हटलं की प्लेट थंडाव्याला ठेवायची. मे महिन्यात नागपुरातल्या बुटात काय तापमान असेल त्याचा विचार करा.

तिसरी गोष्ट, बरीचशी किलर विषं आपल्या जवळच्या भाऊबंदांनाच मारतात. सॅकरोमायसिसचं विष सॅकरोमायसिसला, फार तर त्याच्या नात्यातल्यांना. ट्रायकोफायटॉन ही धाग्यांची बुरशी, दूरचं नातं. विष चिकटायला लागणारी जागाच तिथे तशी नसेल तर पुढचं सगळं थांबतं. अनोमालससारख्या काही यीस्टची मारण्याची कक्षा मोठी आहे, पण त्यांच्या बाबतीतही नखाची भिंत ओलांडायची राहतेच. चौथी गोष्ट, परकं प्रथिन शरीरावर वारंवार लावलं की ॲलर्जीचा प्रश्न येतो. दहा अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड काढण्यामागे आकार आणि हा प्रश्न, दोन्हींचा विचार होता.

पण शेतीत यीस्ट वापरून बुरशी रोखतात असं वाचलंय.

बरोबर वाचलंय. सफरचंद, संत्री, द्राक्षं यांच्या साठवणीत सडवणाऱ्या बुरशीविरुद्ध कॅन्डिडा ओलिओफिला किंवा मेट्श्निकोव्हिया फ्रुक्टिकोला अशी यीस्ट व्यापारी पातळीवर वापरली गेली आहेत. पण तिथे जिवंत यीस्ट फळाच्या जखमेवर बसतं, तिथली साखर आधी फस्त करतं आणि बुरशीला शिरकाव मिळत नाही. बुरशी येण्याआधीचा पहारा आहे तो. तुमच्या नखात बुरशी दोन वर्षं बिऱ्हाड करून बसली आहे, आणि यीस्टला खायला तिथे साखरही नाही.

सोफोरोलिपिडबद्दल बरंच ऐकू येतं. ते कामाचं आहे का?

या यादीत मला खरी आशा वाटते ती इथेच, तरी घाई नको.

सोफोरोलिपिड म्हणजे साखर आणि स्निग्धाम्ल जोडून यीस्टने बनवलेला साबणासारखा रेणू. १९६१ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. आज ज्या यीस्टपासून तो सर्वात जास्त बनवतात ते स्टारमेरेला बॉम्बिकोला. बंबलबी नावाच्या केसाळ मधमाशीच्या मधात ते सापडलं, नावातलं 'बॉम्बि' तिथूनच आलं. त्याला ग्लुकोज आणि खायचं तेल दिलं की एका लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त सोफोरोलिपिड काढता येतं. प्रयोगशाळेतल्या गोष्टींत हे उत्पादन प्रचंड आहे. म्हणूनच ते भांडी घासायच्या द्रवात आणि सौंदर्यप्रसाधनांत जाऊन पोचलंसुद्धा.

बुरशीवर ते पेशीच्या पटलाला ढिलं करून काम करतं. आपल्या देशात यावर चांगलं काम आहे. गुवाहाटीच्या संशोधकांनी आसामातल्या शेतजमिनीतून ऱ्होडोटोरुला बाब्जेव्हे हे यीस्ट वेगळं केलं आणि त्याच्या सोफोरोलिपिडने ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस या नायट्याच्या बुरशीला रोखता येतं हे दाखवलं. २०२० मध्ये त्यांनी उंदरांच्या त्वचेवरचा संसर्गही त्याने आटोक्यात आणला, एकट्याने आणि टर्बिनाफाइनच्या जोडीनेही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सोफोरोलिपिडवर अनेक वर्षं काम झालं आहे.

आता बारकाईने बघा: उंदीर, आणि त्वचा. माणूस नाही, नख नाही. नेहमीच्या सोफोरोलिपिडचा रेणुभार सातशेच्या आत, म्हणजे किलर विषाच्या मानाने चिमुकला पण नखाच्या औषधांच्या दुप्पट. तो एकटा भिंत ओलांडेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या औषधाला सोबत घेऊन जाणारा, बुरशीचा चिकट थर सैल करणारा जोडीदार म्हणून मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. 'सोफोरोलिपिडयुक्त' असं लिहिलेला फूटवॉश वापरलात तर पाय स्वच्छ होतील. नख बरं होईल असं समजून पैसे घालवू नका.

बीटा-ग्लुकानच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती वाढून बुरशी जाते का?

हा दावा हुशारीने केलेला असतो, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राहक, म्हणजे ओळख पटवणारा रिसेप्टर, असतो. तो बुरशीच्या भित्तिकेतलं बीटा-ग्लुकान ओळखतो आणि आरडाओरडा सुरू करतो. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात हा ग्राहकच सदोष होता आणि घरातल्या लोकांना वारंवार योनिमार्गाची कॅन्डिडा किंवा नखाची बुरशी होत होती. म्हणजे नखाच्या बुरशीशी या यंत्रणेचा संबंध आहे, यात शंका नाही.

पण घराची घंटा बिघडली म्हणून चोर शिरला, यावरून घंटा चांगली असलेल्याने ती दिवसभर वाजवत बसावी असं होत नाही. तुमचा डेक्टिन बहुधा ठणठणीत आहे. गिळलेलं ग्लुकान नखाखालच्या बुरशीला हुसकावतं याचा पुरावा नाही. महिन्याला हजारभर रुपये त्यात घालण्यापेक्षा तेवढ्यात नखाची तपासणी करून घ्या.

सॅकरोमायसिस बुलार्डीच्या पुड्या?

फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवरून हे यीस्ट मिळवलं. जुलाबांवर, विशेषतः अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबांवर, ते उपयोगी आहे. ते कॅप्रिक आम्ल सोडतं आणि त्याने कॅन्डिडाचे धागे वाढायला अडथळा होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तिथून कुणीतरी थेट नखापर्यंत उडी मारली. आतड्यातलं यीस्ट आतड्यातच राहतं. आणि ज्यांच्या मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, त्यांच्या रक्तात हेच यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाच्या खोलीत ती पुडी फोडूही नये.

घरातलं यीस्ट, इडलीचं पीठ किंवा गोव्यातली सूर (माडाची ताडी) नखावर लावली तर?

हसू नका, हा प्रश्न खरंच येतो. म्हापशाच्या एका विद्यार्थिनीच्या आजीने सान्नांसाठी (इडलीसारखा गोव्याचा पदार्थ) आणलेल्या सुरेत पाय बुडवून ठेवले होते. सुरेत यीस्ट असतं हे खरं, गोव्यात पाव आणि सान्नां तिच्यावरच फुगत. पण बेकरीचं यीस्ट ट्रायकोफायटॉनला मारत नाही, आणि पिठाचा ओला लगदा नखाखाली साठला की उलट ओल वाढते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी भेगाळलेल्या पायावर असलं काही अजिबात लावू नये. सान्नां खा.

ब्रुअर्स यीस्ट आणि बायोटिनने नखं मजबूत होतात म्हणे?

ठिसूळ नखांसाठी बायोटिन देतात, त्याचा थोडाफार आधार आहे. बुरशीशी संबंध नाही. एक मात्र लक्षात ठेवा: बायोटिनचे मोठे डोस थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीत गडबड करतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्त द्यायला जाताना सांगा. ब्रुअर्स यीस्टमध्ये प्युरीन भरपूर असतात, त्यामुळे युरिक ॲसिडवाल्यांनी जपून.

मग पाव, केक, ढोकळा बंद करू का? खाल्लेलं यीस्ट नखात जातं ना?

जात नाही. भट्टीत ते मेलेलंच असतं. 'यीस्टमुक्त आहार' घेऊन नखाची बुरशी गेल्याचा पुरावा नाही. रक्तातली साखर मात्र वाढलेली असेल तर ती आटोक्यात आणा. मधुमेहात नखाची बुरशी जास्त होते आणि जास्त त्रास देते.

म्हणजे यीस्टचा या रोगात काहीच उपयोग झालेला नाही?

झाला आहे, आणि तो जाहिरातीत कधीच येत नाही.

टॅव्हाबोरोल हे बोरॉन असलेलं औषध. ते बुरशी मारतं हे दिसत होतं, पण कसं ते कळेना. संशोधकांनी मग साधं बेकरीचं यीस्ट घेतलं, त्यातून औषधाला दाद न देणारे वाण वेगळे केले आणि त्यांच्या जनुकांत कुठे बदल झालाय ते शोधलं. बदल सापडला सीडीसी-६० या जनुकात, प्रथिन बनवताना ल्युसिन हे अमिनो आम्ल योग्य वाहकाला जोडणाऱ्या एन्झाइमच्या मजकुरात. औषध त्या एन्झाइमच्या दुरुस्तीच्या खोबणीत वाहक आरएनएला अडकवून ठेवतं आणि प्रथिनं बनणं थांबतं. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं, २०१४ मध्ये अमेरिकेत पायाच्या नखाच्या बुरशीसाठी औषधाला मान्यता मिळाली. यीस्ट औषध झालं नाही, औषधाचं गुपित फोडणारा साक्षीदार झालं. मला विचाराल तर नखाच्या बुरशीविरुद्ध यीस्टने केलेली सर्वात मोठी मदत हीच.

आज प्रत्यक्षात कोणती औषधं चालतात, आणि किती?

पायाच्या नखासाठी टर्बिनाफाइन २५० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे. हाताच्या नखासाठी ६ आठवडे. इट्राकोनाझोल महिन्यातला एक आठवडा देतात, असे हाताला दोन आणि पायाला तीन हप्ते. कॅन्डिडा असेल तर इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोलकडे कल असतो, कारण टर्बिनाफाइन तिथे कमी पडतं. गोळीचं औषध रक्तातून नखाच्या मुळापर्यंत आणि गादीपर्यंत जातं, म्हणजे भिंतीच्या आतल्या बाजूने. तिचं यश त्यातच आहे.

लावायच्या औषधांत अमोरोल्फाइन ५ टक्के लॅकर (नेलपॉलिशसारखं लावायचं औषध) आठवड्यातून एकदोनदा, सिक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज, एफिनाकोनाझोल १० टक्के रोज, ४८ आठवडे.

यशाचे आकडे जरा खिन्न करणारे आहेत. पायाच्या नखात टर्बिनाफाइनच्या गोळ्यांनी तपासणीत बुरशी नाहीशी झाली ती ७० टक्के रुग्णांत, पण नख पूर्ण नितळ होऊन बुरशीही गेली असे ३८ टक्केच. एफिनाकोनाझोलच्या दोन मोठ्या चाचण्यांत पूर्ण बरे झालेले १७.८ आणि १५.२ टक्के. टॅव्हाबोरोलचे ६.५ आणि ९.१. आणि हा आकडा मुद्दाम बघा: एफिनाकोनाझोलच्या त्याच चाचण्यांत औषध नसलेला नुसता द्राव लावणाऱ्यांतही ३.३ आणि ५.५ टक्के लोक पूर्ण बरे झाले. हजार लोकांनी एखादं 'यीस्ट सीरम' वर्षभर लावलं आणि त्यात काहीही नसलं, तरी तीस ते पन्नास जण आनंदाने आपल्या नखाचे आधीचे-नंतरचे फोटो पाठवतील. जाहिरातीला चार पुरतात.

टर्बिनाफाइनने लिव्हर जातं असं सगळे सांगतात.

यकृताला इजा होऊ शकते, पण ती विरळ आहे. डॉक्टर आधी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घेतात, यकृताचा जुना आजार असेल तर ही गोळी टाळतात. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद करून लगेच दाखवा. काहींच्या तोंडाची चव जाते. इट्राकोनाझोलच्या वाटेत हृदयाची कमजोरी आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या येतात, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. गरोदरपणात नखासाठी या गोळ्या घेत नाहीत, थांबतात.

मेडिकलमधून विचारून एखादं मलम आणलं तर?

नखावर मलम फारसं काही करत नाही. पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. आपल्याकडे नायट्यासाठी काउंटरवर मिळणाऱ्या कित्येक ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतल्या आत पसरते. आपल्या भागातून पुढे आलेल्या, टर्बिनाफाइनला बऱ्याचदा दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. नाव आपल्या देशावरून पडलं याचा अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट नाही. ती मुख्यतः अंगावर होते. पण अंगावर असा चिवट नायटा आणि सोबत नख खराब, असं असेल तर डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

तपासणी कशाला? दिसतंच आहे की बुरशी आहे.

दिसत नाही. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीच्यांत सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस हे त्वचेचे आजार असतात, नाहीतर नुसता मार. वारीत चालून आलेल्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडतं ते चप्पल-बूट घासून आत साकळलेलं रक्त. नख वाढेल तसं ते पुढे सरकत निघून जातं. मॅरेथॉनवाल्यांचंही तेच. एकाच नखात काळी-तपकिरी उभी रेघ नव्याने आली आणि रुंद होत असेल तर मात्र बुरशीचा विचार बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कारण क्वचित तो कर्करोग असतो.

तपासणी साधी असते. नखाखालचा भुसा खरवडून केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात) विरघळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. नुसतं कापलेलं टोक पुडीत बांधून नेऊ नका, जिवंत बुरशी मागच्या बाजूला असते. काही लावत असाल तर आधी सांगा, नाहीतर खोटा 'निगेटिव्ह' येतो.

औषध संपलं तरी नख तसंच आहे. फसलं का?

बहुधा नाही. पायाचं नख महिन्याला जेमतेम एक ते दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष. हाताचं साधारण सहा महिने. औषध खराब झालेलं नख सुधारत नाही, मागून नवं चांगलं नख यायला वाट मोकळी करतं. गोळ्या सुरू करताना नखाच्या मुळापाशी, चांगल्या आणि खराब भागाच्या सीमेवर बारीक खूण करून फोटो काढा. दोनतीन महिन्यांनी खुणेमागे स्वच्छ नख आलेलं दिसलं तर काम चाललंय.

'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' लिहिलेली बाटली हातात आहे. काय बघू?

यीस्टचं पूर्ण नाव आहे का, पदार्थाचं प्रमाण टक्क्यांत आहे का, आणि बाटलीवर औषधाचा परवाना क्रमांक आहे की कॉस्मेटिकचा, हे तीन बघा. कॉस्मेटिक असेल तर तिला रोग बरा करण्याचा दावा करायची मुभा नाही. घटकांची यादी पुढे वाचत जा. पुष्कळदा शेवटी अनडेसिलेनिक आम्ल किंवा टी-ट्री तेल सापडतं. बाटलीत काही काम होत असेल तर ते तेच करत असतं, यीस्ट नावापुरतं.

परत होऊ नये म्हणून?

चिखल्या वेळेवर बऱ्या करा. मोजे रोज बदला, गरम पाण्यात धुवा. पावसाळ्यात दोन जोड बूट आलटून पालटून वापरा, ओला बूट दुसऱ्या दिवशी घालू नका. नेलकटर घरात प्रत्येकाचं वेगळं. जोडवी घालत असाल तर आंघोळीनंतर काढून बोट पुसा, त्याखाली ओल राहते.

उपचार चालू असताना नेलपॉलिश चालेल का?

लॅकर लावत असाल तर त्यावर रंग नको, नुसत्या गोळ्या चालू असतील तर लग्नकार्यापुरतं लावून दुसऱ्या दिवशी काढा. मेंदी चालते, फक्त डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या महिन्यात नखांवर नको. त्यांना खरा रंग दिसला पाहिजे.